युरोपात संशोधनाचा पैसा येतो कुठून आणि तुमच्यापर्यंत पोचतो कसा: ईआरसी अनुदानाची वाट पहिल्यांदा धरणाऱ्यांसाठी

"ताई, तिकडे एखाद्या प्रोफेसरची ओळख असल्याशिवाय काही होत नाही ना?" दर वर्षी उन्हाळा सरला की हा प्रश्न मला येतो. कधी पुण्याहून, कधी नागपूरहून, मागच्या वर्षी पणजीहून आला होता. विचारणाऱ्याची पीएचडी संपत आलेली असते किंवा नुकतीच झालेली असते, आणि युरोपातल्या संशोधनाच्या पैशाबद्दल त्याने ऐकलेलं बरंचसं अर्धवट असतं. मी इथल्या एका विद्यापीठाच्या संशोधन-अनुदान विभागात काम करते. अर्ज लिहिणाऱ्यांच्या शेजारी बसून त्यांचे कागद पुरे करून घेणं हे माझं रोजचं काम. म्हणून ईआरसीचं, म्हणजे युरोपियन रिसर्च काउन्सिलचं, अनुदान कसं मागायचं ते एकदा नीट लिहून ठेवते आहे.

ओळखीची गरज नाही, हे आधी सांगते. स्वतःचा, नेमका, अजून कुणी न सोडवलेला प्रश्न मात्र लागतो आणि तो पाच पानांत मांडता यावा लागतो. बाकीच्या पायऱ्या शिकता येतात.

आधी पैसा कुठून येतो ते समजून घ्या

युरोपात संशोधनाचा सरकारी पैसा दोन थरांतून येतो. मोठा थर प्रत्येक देशाचा स्वतःचा. जर्मनीत डीएफजी, फ्रान्समध्ये एएनआर, नेदरलँड्समध्ये एनडब्ल्यूओ. आपल्याकडे जसं संशोधनाला पैसा देणारं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आहे, तशा या संस्था. प्रयोगशाळांचे पगार, इमारती आणि बहुतेक छोटे-मोठे प्रकल्प या पैशावर चालतात.

दुसरा थर युरोपियन युनियनचा. सात-सात वर्षांचा एक मोठा कार्यक्रम असतो. सध्याचा 'होरायझन युरोप' २०२१ ते २०२७ या काळाचा आहे आणि त्याची रक्कम ९,५५० कोटी युरो. युनियनची तिजोरी मुख्यतः सदस्य देशांच्या वर्गणीतून भरते. ज्या देशाचं राष्ट्रीय उत्पन्न मोठं, त्याची वर्गणी मोठी. शिवाय आयातशुल्काचा आणि मूल्यवर्धित कराचा काही हिस्सा त्यात येतो. म्हणजे पोलंडमधल्या दुकानदाराचा आणि पोर्तुगालमधल्या नर्सचा कर त्यात आहे. अर्ज लिहिताना मी हे कुणाला विसरू देत नाही.

या कार्यक्रमातला १,६०० कोटी युरोंहून थोडा जास्त वाटा युरोपियन रिसर्च काउन्सिलकडे, म्हणजे ईआरसीकडे जातो. ईआरसी २००७ साली सुरू झाली. त्याआधी ब्रसेल्सचा पैसा प्रामुख्याने अनेक देशांच्या, अनेक संस्थांच्या एकत्रित प्रकल्पांना मिळे आणि विषयही वरून ठरून येत. एकट्या माणसाच्या डोक्यात एखादा मूलभूत प्रश्न असेल, तर त्याला आपल्याच देशाच्या दारात उभं राहावं लागे. शास्त्रज्ञांनी कित्येक वर्षं याविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा कुठे ईआरसी उभी राहिली.

तिचे दोन नियम मला फार मोलाचे वाटतात. एक, विषय वरून येत नाही. कृष्णविवरापासून मध्ययुगीन करारपत्रांपर्यंत काहीही चालतं. दोन, देशागणिक कोटा नाही. निकष एकच: वैज्ञानिक गुणवत्ता. हे नियम २२ शास्त्रज्ञांची सायंटिफिक काउन्सिल ठरवते. तिच्या अध्यक्ष नोव्हेंबर २०२१ पासून जीवशास्त्रज्ञ मारिया लेप्टिन आहेत. पैशाचा आणि कागदांचा व्यवहार ब्रसेल्समधली वेगळी कार्यालयीन यंत्रणा सांभाळते. पैसा सरकारचा आणि निवड शास्त्रज्ञांची, ही विभागणी टिकली म्हणून ईआरसीचा मान टिकला, असं माझं ठाम मत आहे.

पहिल्याच वर्षी तरुणांसाठीच्या अनुदानाला ९,१६७ अर्ज आले आणि मिळालं जेमतेम तीनशेजणांना. त्यांच्यात मँचेस्टरमधले कॉन्स्टंटिन नोवोसेलोव्ह होते. तीन वर्षांनी, ३६ व्या वर्षी, ग्राफीनवरच्या, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या पातळ थरावरच्या, कामासाठी त्यांना नोबेल मिळालं.

पहिली पायरी: आपलं दार कोणतं ते ओळखा

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो इथे. पीएचडी न झालेली मुलं स्टार्टिंग ग्रँटचे, म्हणजे स्वतःचा गट उभारणाऱ्यांसाठीच्या अनुदानाचे, नियम वाचत बसतात आणि निराश होतात. ते दार त्यांचं नाहीच.

तुमची पीएचडी व्हायची असेल, तर अनुदान मागू नका, अनुदान मिळालेल्या माणसाला शोधा. ईआरसीच्या पैशातला मोठा भाग पीएचडी करणाऱ्यांच्या आणि पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतर करारावर काम करणाऱ्या संशोधकांच्या, पगारावर जातो, म्हणजे प्रत्येक नवं अनुदान म्हणजे काही नव्या जागा. युनियनची 'कॉर्डिस' नावाची विनामूल्य सूची आहे. पैसा मिळालेल्या प्रत्येक प्रकल्पाचा सारांश, रक्कम, सुरुवातीची तारीख आणि संस्था त्यात दिसते. आपल्या विषयाचे शब्द टाका आणि गेल्या वर्षभरात सुरू झालेले प्रकल्प वेगळे काढा, कारण माणसं त्यांच्याकडेच घेतली जात असतात. जाहिराती 'युरॅक्सेस' या संकेतस्थळावर येतात. भारतासाठीही युरॅक्सेसचं वेगळं पान आहे.

ईमेल लिहाल तेव्हा 'रिस्पेक्टेड सर' करून दोन पानं गुणपत्रिका सांगू नका. त्यांच्या प्रकल्पाचा सारांश वाचून त्यातली एक गोष्ट उचला, तुम्ही स्वतः केलेल्या कामाशी ती कुठे जुळते ते चार ओळींत लिहा, आणि थांबा. असे ईमेल वाचले जातात. एकाच मजकुराचे शंभर ठिकाणी पाठवलेले ईमेल पहिल्या ओळीतच ओळखू येतात.

घरच्यांना सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट. नेदरलँड्स, डेन्मार्क, जर्मनी अशा देशांत ईआरसीच्या प्रकल्पावर पीएचडी करणं म्हणजे बहुधा नोकरीच असते. करारपत्र, पगार, विमा, भरपगारी रजा, सगळं असतं. "अजून शिकतोच आहे" असं सांगायची गरज नाही.

पीएचडी नुकतीच झाली असेल आणि अजून स्वतःचा गट उभारायची तयारी नसेल, तर मारी क्युरी पोस्टडॉक फेलोशिप हे दार योग्य. पैसा त्याच होरायझनचा. अट अशी की ज्या देशात जायचं, तिथे गेल्या ३६ महिन्यांत तुम्ही १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसावेत. भारतातून थेट जाणाऱ्याला ही अट आड येत नाही, उलट सोयीची पडते.

स्वतःचा गट हवा असेल, तर ईआरसीची मुख्य दारं आली. पीएचडीनंतर २ ते ७ वर्षांतल्यांसाठी स्टार्टिंग ग्रँट, पाच वर्षांसाठी १५ लाख युरोंपर्यंत. एक युरो साधारण शंभर रुपयांचा धरला, तर पंधरा कोटी रुपये. ७ ते १२ वर्षांतल्यांसाठी कन्सॉलिडेटर, २० लाखांपर्यंत. त्यापुढच्या अनुभवी लोकांसाठी अ‍ॅडव्हान्स्ड, २५ लाखांपर्यंत. दोन ते चारजणांनी मिळून करायच्या कामासाठी सिनर्जी, सहा वर्षांसाठी १ कोटी युरोंपर्यंत. हे वर्षांचे हिशेब मी २०२६ पर्यंतच्या नियमांचे सांगते आहे. दर वर्षी नवा 'वर्क प्रोग्राम', म्हणजे त्या वर्षीच्या नियमांचा दस्तऐवज, निघतो. तोच प्रमाण माना, कुणाच्या जुन्या पीडीएफवर विसंबू नका.

दुसरी पायरी: वर्षं मोजा, आणि नीट मोजा

मोजणी पीएचडीची अंतिम तोंडी परीक्षा यशस्वी झाल्याच्या तारखेपासून होते. आमच्याकडच्या विद्यापीठांत तोंडी परीक्षा, अधिसूचना आणि पदवीदान या तीन तारखांत कधी कधी वर्षभराचं अंतर पडतं. तोंडी परीक्षेची तारीख प्रमाणपत्रावरून आणि गरज पडली तर विद्यापीठाच्या पत्रावरून आधीच पक्की करा.

बायकांनो, हे तुमच्यासाठी. आई झालेल्या उमेदवाराला प्रत्येक मुलामागे १८ महिन्यांची सवलत मिळते, मूल पीएचडीच्या आधी झालेलं असलं तरी. मुलाचा जन्मदाखला जोडला की पुरे. वडिलांना प्रत्यक्ष घेतलेल्या रजेइतकी सवलत मिळते. दीर्घ आजारपणही धरलं जातं. "माझी मुदत गेली" म्हणून हात टेकून बसलेल्या एका मैत्रिणीला दोन मुलं होती. तिची मुदत अजून तीन वर्षं पुढे होती आणि तिला ते कुणीच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं आणि तितकाच आनंदही झाला.

तिसरी पायरी: संस्था

तुमचं नागरिकत्व कोणतंही असो, तुम्ही सध्या जगात कुठेही असा, अर्ज करता येतो. मात्र काम ज्या संस्थेत होणार ती युनियनच्या देशात किंवा ईआरसीशी जोडलेल्या देशात हवी. नॉर्वे आणि इस्रायल युनियनबाहेरचे, पण जोडलेले आहेत. मेंदूतल्या, जागेचं भान देणाऱ्या 'ग्रिड' पेशींसाठी २०१४ चं नोबेल मिळवणारे मे-ब्रिट आणि एडव्हर्ड मोसर नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमचे, आणि दोघांनाही ईआरसीची अनुदानं मिळालेली आहेत. कॅनडा होरायझनच्या एका भागात सामील आहे, पण ईआरसीच्या भागात नाही. तेव्हा नकाशा नीट बघा. ब्रिटनचं उदाहरण ताजं आहे. ब्रेक्झिटनंतर जोडणीचा करार रखडला आणि ब्रिटनमध्ये राहून ईआरसीची निवड मिळवलेल्या कित्येकांपुढे दोनच वाटा उरल्या: संस्था बदलून युनियनमध्ये जा, नाहीतर अनुदान सोडा. १ जानेवारी २०२४ पासून ब्रिटन पुन्हा जोडला गेला. देशादेशांच्या भांडणात पाच वर्षांचं काम कसं लोंबकळतं ते तेव्हा दिसलं.

संस्था शोधताना संकोच करू नका. ईआरसीचा उमेदवार मिळणं संस्थेच्याही फायद्याचं असतं. प्रकल्पाच्या थेट खर्चावर २५ टक्के रक्कम संस्थेला वीज, जागा, कार्यालय यांसाठी वेगळी मिळते. १५ लाखांच्या अनुदानात १२ लाख तुमच्या कामाचे आणि ३ लाख संस्थेचे, असा हिशेब. आणि अनुदान तुमच्या नावाने बांधलेलं असतं. पुढे संस्थेशी पटलं नाही, तर ते घेऊन दुसरीकडे जाता येतं. नवीन माणसाच्या हातात एवढं बळ देणारी सरकारी योजना मी दुसरी पाहिलेली नाही.

एक कागद मात्र जिवावर बेततो: संस्थेचं पाठिंब्याचं पत्र. ठरलेल्या मसुद्यात, अधिकृत सही असलेलं. ते नसेल तर अर्ज वाचलाच जात नाही. एका वर्षी एका उमेदवाराचं सगळं तयार होतं आणि सही करणारे गृहस्थ सुट्टीवर निघून गेले होते. संस्थेचं नाव सांगत नाही. आम्ही त्यांच्या गावापर्यंत फोन केले, सही आली, आणि गंगेत घोडं न्हालं. पण त्या दोन दिवसांत त्या मुलाने आपली पाच पानं एकदाही उघडली नाहीत, जी खरं तर तेव्हाच शेवटचा हात फिरवण्यासारखी होती. पत्र महिनाभर आधी घ्या.

चौथी पायरी: ती पाच पानं

अर्जाचे दोन भाग असतात. पहिल्यात पाच पानांत कल्पना आणि सोबत तुमची ओळख. दुसऱ्यात सविस्तर योजना. पहिल्या फेरीत समिती फक्त पहिला भाग वाचते. भौतिक आणि अभियांत्रिकी विज्ञानं, जीवविज्ञान, सामाजिक शास्त्रं आणि मानव्यविद्या अशा तीन शाखांत मिळून २८ समित्या आहेत. तुमच्या समितीतला माणूस तुमच्या विषयाच्या जवळपासचा असतो, तुमच्याच गल्लीतला नसतो. इतिहासाच्या समितीत मोडी लिपी न ऐकलेले विद्वान असणारच.

समजा, तुम्हाला पुण्याच्या पुराभिलेखागारातल्या पेशवे दप्तरावर काम करायचं आहे. कच्च्या मसुद्यांची पहिली ओळ बहुतेक वेळा अशी असते: 'या प्रकल्पात अठराव्या शतकातील मोडी कागदपत्रांचा सर्वंकष अभ्यास केला जाईल.' यात प्रश्नच नाही. सर्वंकष अभ्यास कशासाठी, हे वाचणाऱ्याने का विचारत बसावं? आता हे वाचा: 'बँका नव्हत्या त्या काळात एकच सावकार शेजारच्या दोन गावांना वेगवेगळ्या व्याजाने कर्ज देतो. जोखीम किती, हे तो कशावरून ठरवत होता?' कागद तेच, माणूस तोच. पण लिस्बनच्या आर्थिक इतिहासकाराचीही मान आता वर होते, कारण हा प्रश्न त्याच्याही बंदरातला आहे. मोडी हे तुमचं साधन झालं, असं साधन जे समितीतल्या दुसऱ्या कुणाच्या हातात नाही.

मी प्रत्येकाला एक काम देते. आपला प्रश्न दुसऱ्या शाखेतल्या मित्राला जेवताना तोंडी सांगा. त्याने घास हातात धरून "मग?" असं विचारलं, तर लिहायला बसा. तो जेवत राहिला, तर प्रश्न अजून पिकलेला नाही.

धाडस दाखवायला घाबरू नका. ज्याचं उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक आहे असा सुरक्षित प्रकल्प इथे मागे पडतो. २०१३ साली हाइनो फाल्के, लुचियानो रेझोल्ला आणि मिखाएल क्रामर या तिघांना 'ब्लॅकहोलकॅम' या प्रकल्पासाठी सिनर्जी योजनेतून १ कोटी ४० लाख युरो मिळाले (तेव्हा त्या योजनेची मर्यादा आजच्याहून मोठी होती). तेव्हा कृष्णविवराचं चित्र कुणी पाहिलेलं नव्हतं. १० एप्रिल २०१९ ला एम८७ या दीर्घिकेच्या मध्यावरच्या कृष्णविवराची ती केशरी कडी जगाने पाहिली. त्यामागच्या जागतिक दुर्बिणींच्या जाळ्यात हा पैसाही होता. अर्थात नुसतं धाडस चालत नाही. एखादा टप्पा फसला तर काय करणार, हे दुसऱ्या भागात सरळ लिहायचं. ते लिहिणाऱ्यावर समितीचा विश्वास बसतो.

ओळखीच्या भागात जास्तीत जास्त दहा कामं दाखवता येतात आणि प्रत्येकाबद्दल दोन वाक्यं लिहिता येतात. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातल्या लेखांचा इतरांनी सरासरी किती वेळा संदर्भ दिला तो आकडा, लिहू नका. संशोधनाची किंमत अशा आकड्यांवरून ठरवू नये असं सांगणाऱ्या डोरा जाहीरनाम्यावर ईआरसीने २०२१ साली सही केली आहे आणि ते आकडे चालत नाहीत. कोणत्या कामात नेमका तुमचा हात कोणता होता, ते लिहा. गाइडच्या सावलीबाहेरचं एखादं काम असेल, तर ते सगळ्यात वर ठेवा.

पाचवी पायरी: निकाल आणि मुलाखत

पहिल्या फेरीनंतर ए, बी किंवा सी मिळतं. ए असेल तर बहुधा पुढची फेरी. २०२६ पर्यंतच्या नियमांनी सी मिळाला तर साधारण दोन वर्षं आणि बी मिळाला तर एक वर्ष थांबावं लागतं. म्हणून "टाकून तर बघू" असा अर्ज करू नका, त्याची किंमत वर्षांत मोजावी लागते.

दुसऱ्या फेरीत बाहेरचे तज्ज्ञ पूर्ण अर्ज वाचतात आणि समिती मुलाखत घेते. पूर्वी त्यासाठी ब्रसेल्सला जावं लागे, हल्ली व्हिडिओवर होते. काही मिनिटांचं सादरीकरण, मग प्रश्न. एकूण अर्धा तासही लागत नाही. आमच्याकडे एका उमेदवाराने स्वयंपाकघरातला अंड्यांचा टायमर लावून तालीम केली होती. पहिल्या दिवशी टायमर वाजला तेव्हा ती अजून आभारप्रदर्शनाच्या आधीच्या इतिहासातच होती. बाराव्या दिवशी टायमर वाजायच्या आधी ती प्रश्नावर येऊन थांबली होती. तिला सगळ्यात अवघड गेलं ते "मला माहीत नाही, पण मी असं शोधून काढेन" हे वाक्य इंग्रजीत शांतपणे म्हणणं. आपल्याकडे तोंडी परीक्षेत गप्प राहणं म्हणजे नापास होणं, ही धास्ती हाडात मुरलेली असते. हे वाक्य आरशासमोर पन्नास वेळा म्हणा.

२०२५ च्या स्टार्टिंग ग्रँटला ३,९२८ अर्ज आले, मिळालं ४७८ जणांना. शंभरातल्या अठ्ठ्याऐंशीजणांना नकार आला. त्यात उत्तम लोक होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. नकारासोबत परीक्षकांचे अभिप्राय येतात. आठवडाभर ते बाजूला ठेवा आणि मग वाचा. तोच प्रस्ताव सुधारून देशपातळीवरच्या संस्थेकडे नेता येतो आणि बरेचदा तिथे तो मान्य होतो.

मिळालं तर

पहिल्या वर्षी माणसं घेण्यातच सहा महिने जातात, ते योजनेत आधीच धरा. स्टार्टिंग ग्रँटवर कामाचा किमान निम्मा वेळ प्रकल्पाला द्यावा लागतो आणि किमान निम्मा वेळ युरोपात काढावा लागतो. त्याची नोंद ठेवावी लागते. प्रसिद्ध होणारे शोधनिबंध सर्वांना विनामूल्य वाचता आले पाहिजेत, ही अट कराराचाच भाग आहे. मला ती अट मनापासून आवडते. ज्यांच्या करातून काम झालं, त्यांना ते वाचायला पुन्हा पैसे का पडावेत? आणि कोल्हापूरच्या विद्यार्थ्यालाही ते वाचता येतं.

भारतात राहून

प्रत्येकालाच देश सोडायचा नसतो. सिनर्जीच्या गटात एक मुख्य संशोधक युरोपबाहेरच्या संस्थेतला चालतो, म्हणजे तो भारतातलाही असू शकतो. शिवाय भारत सरकारच्या संशोधन मंडळाने ऑक्टोबर २०१७ मध्ये युरोपियन कमिशनशी करार केला. त्यानुसार भारतातलं अनुदान असलेले तरुण संशोधक काही काळ ईआरसीच्या गटात जाऊन काम करू शकतात.

आणि हे नातं एकतर्फी नाही. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत. युरोपातल्या पाच मोठ्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून पल्सार, म्हणजे ठरावीक ठेक्याने रेडिओ स्पंद पाठवणारे मृत तारे, मोजण्याचं काम ईआरसीच्या पैशातून झालं, त्याचे प्रमुख वर उल्लेखलेले क्रामरच. जून २०२३ मध्ये युरोपातल्या आणि भारतातल्या पल्सार गटांनी मिळून २५ पल्सारांची सुमारे २५ वर्षांची निरीक्षणं मांडली आणि विश्वात मंदपणे हेलकावणाऱ्या गुरुत्वीय लहरींचे संकेत त्यात दिसले. त्या निरीक्षणांत खोडदची निरीक्षणं आहेत. जुन्नर तालुक्यातल्या एखाद्या मुलीने हे वाचलं, तर तिने दुर्बिणीच्या फाटकापासूनच सुरुवात करावी.

शेवटच्या दिवसाबद्दल

स्टार्टिंगची मुदत बहुधा ऑक्टोबरच्या मध्यात संपते, ब्रसेल्सच्या घड्याळाने संध्याकाळी पाचला. भारतात तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. जानेवारीतल्या मुदतीला साडेनऊ, कारण हिवाळ्यात तिकडची घड्याळं तासभर मागे जातात. पोर्टलवर अर्ज मुदतीपर्यंत कितीही वेळा बदलून पाठवता येतो आणि शेवटचा पाठवलेला धरला जातो. म्हणून पहिली पूर्ण आवृत्ती दोन दिवस आधीच चढवा, ती डाउनलोड करून प्रत्येक पान उघडून बघा, पत्रावरची सही दिसते का ते बघा, आणि मग पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीवर परत या.